बॉल येण्याआधी

नोव्हेंबरात भातकापणी उरकली, खाचरं सुकली की आमची मैदानं सुरू होतात. यंदा ती सुरू झाली तेव्हा माझा डावा गुडघा संपलेला होता. चालता येतं, रिक्षातून उतरता येतं, चर्चच्या पायऱ्या चढता येतात. पण पाठीला माणूस चिकटलेला असताना बॉल घ्यायचा आणि त्याच टचमध्ये अंग वळवून पुढे निघायचं, ते आता होत नाही. वसईजवळच्या सांडोरच्या पोरांना तीस वर्षं मी तोंडाने कमी आणि अंगाने जास्त शिकवलं. तो टर्न करून दाखवता येत नाही, तर पोरांसमोर उभं राहून मी करायचं काय, हा प्रश्न घेऊन दोन आठवडे नुसता बसून काढले.

त्या टर्नमध्ये पायाचं काम थोडंच असतं. खरी मेख आहे ती बॉल येण्याआधी मागे बघण्यात. हे एक काम मला तीस वर्षांत धड शिकवता आलेलं नाही. कोचिंग करणारा कुणीही सांगेल, पोराला 'मागे बघ' म्हटलं की तो बघतो. मान वळते, हनुवटी खांद्याला लागते, सगळं फोटोत काढावं असं होतं. पण 'काय दिसलं?' विचारलं की गप्प. मग मी मागे उभा राहून बोटं दाखवायला लागलो. बॉल पोचायच्या आत आकडा ओरडायचा. चार दिवसांत पोरं अंदाजाने आकडे फेकायला लागली. बोटांऐवजी वस्तू घेतल्या. कधी चप्पल, कधी डबा, कधी शेजारच्या वाडीतलं केळं. केळं सगळ्यांना दिसायचं. तिथेच धावत आलेला स्टॉपर मात्र कुणालाच दिसायचा नाही.

आमच्या जमिनीचाही यात हात आहे. खाचरात भाताची खोडं राहतात, ढेकळं असतात, बॉल कधी कुठे उडेल सांगता येत नाही. अशा जमिनीवर वाढलेल्या पोराचा टच मऊ होतो, पण डोळे बॉलवर खिळतात ते खिळतातच, कारण नजर हलली की बॉल नडगीवर बसतो. बारा मीटरचा पास पोचायला एखादा सेकंद लागतो. तेवढ्यात मागे बघून परत बॉलवर यायचं आणि शेवटची उसळीही पकडायची, हे दहा वर्षांच्या पोराला सांगणं म्हणजे काय, ते मला फार उशिरा कळलं. पन्नाशी उलटल्यावर एकदा लक्षात आलं की बघायची वेळ बॉल वाटेत असतानाची नाहीच. ती त्याच्या आधीची. पास देणारा बॉल लावून घेतो तेव्हा त्याची स्वतःची मान खाली जाते. त्या क्षणी तो पास देऊच शकत नाही. तेवढा वेळ फुकट मिळालेला असतो. तेव्हापासून मी एकच सांगतो: त्याची मान खाली गेली की तुझी मान मागे. पुढे भाच्याने मोबाइलवर दाखवलं की नॉर्वेचे गेर योर्डेट नावाचे संशोधक हेच मोजत बसतात, बॉल मिळण्याआधी खेळाडू किती वेळा आजूबाजूला बघतो. त्यात इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डची मान सारखी फिरताना पाहिली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण ज्याच्या मागे लागलोय ते खरंच आहे, कुणीतरी ते मोजतंय, एवढंच मला पुरेसं होतं.

आणखी एक नियम मी घालून घेतला. प्रॅक्टिसमध्ये मागे माणूस आहे हे सांगायला कुणी 'मॅन!' म्हणून ओरडायचं नाही. ज्याला सांगणारा मिळतो तो बघत नाही. यावरून पालकांशीही माझी भांडणं झाली आहेत.

इतक्या वर्षांत एका पोराला हे मागे बघणं न शिकवता येत होतं. अकरा वर्षांचा असताना तो आला तेव्हा हडकुळा होता, पायात मोठ्या भावाचे बूट, पुढे कापूस कोंबलेला. मागून कुणी हाक मारल्यासारखं तो सारखा वळून बघायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, याला घरच्यांची भीती आहे की काय. मग बॉल त्याच्याकडे गेला आणि त्याने तो अंगावर येणाऱ्या पोराच्या उलट्या बाजूने, न थांबवता, सहज पुढे घेतला. पुन्हा दिला, तेच. त्याला आपण काही केलंय हे माहीतच नव्हतं. मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, आज मी एक बघणारा पोरगा बघितला.

२०१८ मध्ये, पंधराव्या वर्षी, एका क्लबने त्याला उचललं. यंदा बाविसाव्या वर्षी तो परत आला. काढून टाकलं असं कुणी म्हणालं नाही. करार संपला आणि पुढचा फोन आलाच नाही. आता वसई फाट्याकडच्या एका गोदामात रात्रपाळीला जातो. दुपारी उठतो, संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभा राहतो. मीच त्याला म्हटलं, माझा गुडघा गेलाय, पोरांना जरा टर्न दाखव. तो लगेच आत आला.

मी स्वतः पास दिला. आधी मुद्दाम बॉल लावून घेतला, मान खाली घातली, त्याला वेळ दिला. तो बॉलकडे बघत होता. पुन्हा दिला. बॉलकडेच. टच सुरेख, अंग तयार, मांड्या दगडासारख्या. क्लबने शरीर चांगलं घडवलं होतं. मागून आलेल्या तेरा वर्षांच्या पोराने त्याच्या पायातला बॉल काढून नेला, आणि तो हसला. मला हसता आलं नाही. पाच-सहा वेळा मी तेच करून पाहिलं. मान एकदाही मागे गेली नाही.

क्लबमध्ये सात वर्षं तो विंगवर खेळला होता. विंगवाल्याच्या एका अंगाला पांढरी रेघ असते. तिकडून कुणी येत नाही. बघायचं ते एकाच बाजूला, आणि तेही समोर. मधल्या जागेवर खेळणाऱ्याला चारी बाजूंनी माणसं येतात. त्याने बघणं सोडलं तर दहा मिनिटांत त्याला बाहेर बसवावं लागतं. विंगवर बघणं सोडलं तरी पळण्यावर निभावतं. जी गोष्ट तो घरून घेऊन गेला होता, तिची सात वर्षांत कुणाला गरज पडली नाही आणि ती झडून गेली.

विंग वाईट, असं मला म्हणायचं नाही. मुंबईचा स्टीव्हन डायस महिंद्राच्या उजव्या बाजूने धावत देशाच्या संघापर्यंत गेला. ते आम्ही कूपरेजच्या पायऱ्यांवर बसून पाहिलंय. पण आपल्या पोरांना विंगवर आणि बॅकला का ढकललं जातं, ते बघा. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा अकरांत सहा परदेशी चालत होते. पुढे २०१७ मध्ये पाच झाले, २०२१ पासून चार. क्लब परदेशी माणूस कुठे घालणार? स्ट्रायकर, मधला खेळवणारा आणि स्टॉपर. म्हणजे मैदानाचा कणा त्यांचा आणि कडा आपल्या. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला घेणारा क्लब त्याच्यासाठी कडेचीच जागा बघून ठेवतो, कारण वर तीच रिकामी असते. आयएसएलच्या पहिल्या ११ हंगामांत गोल्डन बूट एकदाही भारतीय पायात गेला नाही. आणि २०२५ च्या मार्चमध्ये देशासाठी गोल करायला आपण कुणाला बोलावलं? निवृत्त झालेल्या, चाळिशी पार केलेल्या सुनील छेत्रीला. मालदीवविरुद्ध त्याने केलाही. मी टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या आणि मग बसून राहिलो.

कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचं उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपच्या संघातला आपल्या मातीतला पोरगा. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंडियन ॲरोजकडून आय-लीगच्या सलामीच्या मॅचमध्ये दोन गोल. पुढे आयएसएलमध्ये तो मला बहुतेक कडेलाच दिसला. तो टिकला, मोठ्या क्लबांकडून खेळला, त्याचं कौतुकच आहे. पण तो गोलसमोर वाढला असता तर कसा वाढला असता, हे बघायचं आपलं राहून गेलं असं मला वाटतं.

आणि मॅचेस? वर्षाला हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्या, असं आमचा परत आलेला पोरगा सांगतो. बाकी जिम, रिकव्हरी, मोठ्या संघासमोर डमी म्हणून उभं राहणं. सतरा ते एकवीस या वयात पोरगा खेळून पिकतो, आणि नेमकं तेव्हाच त्याला बाकावर ठेवतात. या वयाच्या पोरांना दर आठवड्याला खेळवावं म्हणून काढलेला इंडियन ॲरोज २०२२ मध्ये बंद झाला. क्लबांचं म्हणाल तर आमच्या बाजूच्या पोरांनी स्वप्नं बघायची ती दारंच बंद होत गेली. महिंद्रा युनायटेड २०१० ला गेला. मुंबई एफसी २०१७ ला गेला. पुण्याच्या पुणे एफसीची अकादमी अशी होती की मल्लपुरमहून आशिक कुरुनियन तिथे येऊन घडला. तो क्लबही गेला. क्लब बंद होतो तेव्हा पेपरात मोठ्या संघाची बातमी येते. खालच्या तेरा-पंधरा-अठराच्या संघांतली पोरं कुठे गेली ते कुणी छापत नाही. २०२५ च्या जुलैत तर अख्खी आयएसएलच थांबवून ठेवली.

माझ्या वेळी परिस्थिती सोन्याची होती असं नाही. आम्ही पहाटेची चर्चगेट लोकल पकडायचो, हारवूड लीगमध्ये ऑर्के, मफतलाल, आरसीएफ यांच्याकडून मार खायचो, संध्याकाळी परत. शिकवणारा कुणी नव्हता. पण खेळलो तर कंपनी नोकरी द्यायची, आणि नोकरी असल्यामुळे तिशीपर्यंत खेळता यायचं. उशिरा पिकणाऱ्याला वेळ होता. आता अठराव्या वर्षी निकाल लागतो.

हे सगळं मी गेले दोन महिने भेटेल त्याला सांगतोय. ऐकणारे माना डोलावतात, आणि मला बरं वाटतं. आता जे लिहायचं आहे ते कुणाला सांगितलेलं नाही.

त्या पोराला विंगवर पहिल्यांदा कुणी टाकलं? मी.

अंडर-१४ ची पॅरिश टूर्नामेंट होती. सेमी-फायनलला समोरच्या संघाचे दोन हाफ ओठांवर मिसरूड असलेले, आमच्या पोराच्या दीडपट. मध्ये त्याला दोनदा आपटलं. हाफटाइमला मी त्याला उजव्या कडेला काढलं आणि म्हटलं, बघत बसू नकोस, बॉल आला की पळ. हे माझेच शब्द. तो पळाला. जिंकलो. फायनललाही तिथेच ठेवला, तीही जिंकलो. कप आजही माझ्या शोकेसमध्ये आहे. पुढच्या हंगामात तो पुन्हा मध्ये खेळायला हवा होता. वर्षभर मार खात, हरत, तिथेच वाढायला हवा होता. पण आमचा संघ जिंकायला लागला होता. शेजारच्या गावांत माझं नाव व्हायला लागलं होतं. दुकानात लोक थांबवून विचारायचे, सर, यंदा काय? मला ते आवडायचं. फार आवडायचं.

ट्रायलच्या दिवशी क्लबच्या माणसाने फॉर्म भरताना विचारलं, पोझिशन? त्यांना राइट विंग हवा आहे हे मला आधीच कळलं होतं. पोराने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, राइट विंग. तो निवडला गेला. परतीच्या लोकलमध्ये मी खिडकीत बसलो होतो, तो समोर उभा होता, आणि वसई रोडपर्यंत मी मनात एकच वाक्य घोळवत होतो: आपला पोरगा सिलेक्ट झाला. 'आपला' म्हणताना मला मी दिसत होतो, तो नव्हे.

त्या क्लबने त्याचं बघणं घालवलं, असं मी दोन महिने म्हणत होतो. त्यांनी त्याला बघताना कधी पाहिलंच नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं, आणि मी फॉर्मवर लिहिलं नाही.

गेल्या मंगळवारी तो कामावर जायच्या आधी लवकर आला. मी त्याला हे सगळं सांगितलं, फॉर्मचं, लोकलमधलं. तो बूट बांधत होता. म्हणाला, "सर, मला मध्येच खेळायचं होतं. पण तुम्ही म्हणालात म्हणून वाटलं, मी विंगचाच असेन." रागाने नाही म्हणाला. नाडीची गाठ मारली आणि उठला.

आता आठवड्यातून तीन दिवस तो लहान पोरांमध्येच उभा राहतो, रांगेत, त्यांच्यासारखाच शिकायला. विंगवर कुणालाही ठेवायचं नाही असं मी ठरवलंय. बारा वर्षांखालच्या सगळ्यांनी मधल्या चौकोनात खेळायचं. हल्ली आमच्याकडे बिल्डिंगांच्या मधोमध तासावर भाड्याने टर्फ निघाले आहेत. तिथे बॉल जाळीवर आपटून परत येतो, बाहेर जातच नाही, आणि पालक बाहेरून 'मॅन! मॅन!' ओरडत असतात. तिथली काही पोरं आमच्याकडे येऊन 'इथे जमीन खराब आहे' म्हणून सोडून गेली. यंदाच्या ख्रिसमसच्या टूर्नामेंटमध्ये आम्ही पहिल्याच मॅचला चार गोलांनी हरलो. एका वडिलांनी मुलाचं नाव काढून घेतलं.

काल नऊ वर्षांची एक मुलगी त्याला पास देत होती. तिने बॉल लावून घेतला, मान खाली. तो बॉलकडे बघत होता. मी काही बोललो नाही. तीच थांबली, पायाखाली बॉल धरून म्हणाली, "दादा, मी मान खाली घातली की तू मागे बघायचं. परत देते." आणि तिने पुन्हा बॉल लावून घेतला.