चाळिशी, मोती आणि काच

वाचायच्या चष्म्याला आपल्या भाषेने ‘चाळिशी’ म्हटले, ते मला फार आवडते. वयाचा दाखला असा नाकावर ठेवून मिरवण्याची सोय दुसऱ्या कोणत्या वस्तूने केली आहे? चाळिशीच्या सुमारास डोळ्यातले भिंग ताठर होऊ लागते. जवळचे पाहताना त्याला पूर्वीसारखे फुगता येत नाही. मग वर्तमानपत्र हळूहळू दूर सरकते, आणि हात अपुरे पडले की माणूस चष्मेवाल्याकडे जातो. यात आजार असा काही नाही. केस पिकतात, तसेच हे.

पण पुढच्या दोन पाहुण्यांची नावेही आपण अशीच लाडकी ठेवली आहेत. मोतीबिंदू आणि काचबिंदू! एका दमात म्हटले तर सख्खे भाऊ वाटावेत. दोन्ही म्हातारपणी येतात आणि दोन्ही शस्त्रक्रियेने जातात, असा पुष्कळ घरांत समज असतो. या समजापायी आमच्या माईआत्याचा एक डोळा गेला.

मोतीबिंदू म्हणजे भिंगाचे गढूळ होणे. मागचा डोळा शाबूत असला, तर गढूळ भिंग काढून नवे बसवता येते आणि दृष्टी परत येते. आमच्या तात्याकाकांना पासष्टाव्या वर्षी एकाएकी चाळिशीवाचून पंचांग वाचता येऊ लागले. काकू चार शेजारणींना सांगून आल्या, “ह्यांचे डोळे पुन्हा तरुण झाले हो!” डॉक्टरांनी तपासले आणि हसून म्हणाले, “तारुण्य नव्हे, मोतीबिंदू!” भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला, की कधीकधी जवळचे काही काळ सुधारते आणि लांबचे बिघडते. तात्यांना बसचा क्रमांक दिसेनासा झाला होता; पण ते कोणी विचारलेच नव्हते.

“पिकू दे, मग बघू,” हा तात्यांचा हेका. या सल्ल्याला एके काळी अर्थ होता. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात भिंग उरत नसे, आणि सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा जन्माचा सोबती होई. लंडनच्या डॉ. हॅरल्ड रिडली यांनी महायुद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे प्लॅस्टिकचे कण रुतलेले पाहिले. डोळा ते कण निमूटपणे सोसत होता! त्यावरून त्यांनी १९४९ साली त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग रोग्याच्या डोळ्यात बसवले. पुढे १९६७ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याची रीत काढली. ती सुचली दंतवैद्याच्या खुर्चीत. आता दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून काम होते आणि रोगी बहुधा त्याच दिवशी घरी येतो. म्हणून पिकण्याची वाट पाहायची नसते. रोजच्या कामात अडू लागले, की ठरवावे. फार पिकलेला मोतीबिंदू काढणेच उलट अवघड.

काचबिंदू मात्र निराळ्या कुळातला. डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाणी सतत तयार होते आणि बारीक जाळीतून निथळून जाते. हा निचरा तुंबला की दाब वाढतो आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस मरत जाते. काहींची नस दाब बेताचा असूनही झिजते. बहुधा काही दुखत नाही, खुपत नाही. कडेचे दिसणे आधी जाते, मधले राहते. माईआत्या सुईत दोरा ओवी आणि दाराच्या चौकटीला खांदा आपटी. “वय झालं रे आता,” म्हणे. मोतीबिंदू असेल, पिकला की काढू, असा तिचा हिशेब. दवाखान्यात गेली, तेव्हा डाव्या डोळ्याला उजेडापलीकडे काही कळत नव्हते. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत आणता येत नाही. उरलेली राखता येते.

डॉक्टरांनी तिला विचारले, “आजी, तुम्हाला भावंडं किती?” हे दुखणे पुष्कळदा एकाच घरात फिरते. आठवड्याभरात आम्ही सारे रांगेत बसलो. डोळ्याचा दाब मोजला, बाहुली मोठी करून नस पाहिली, कडेला लुकलुकणारे ठिपके दिसतात का ते बटण दाबून सांगितले. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दोन्ही डोळ्यांत सुरुवात सापडली. रोज रात्री थेंब टाकून ते डोळा मिटतात आणि नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरतात, म्हणजे औषध नाकाघशात उतरत नाही. आज चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते शब्दकोडी सोडवतात. बहिणीच्या एका डोळ्याने भावाचे दोन राखले.

दिवाळीला वडीलमंडळी जमतात. त्यांना “नीट दिसतं ना?” असे विचारू नये, उत्तर “हो” असेच येते. चाळिशी लागली, की नुसता नंबर काढून थांबू नये, दाब आणि नसही तपासून घ्यावी. घरात काचबिंदू किंवा अंगात मधुमेह असला, तर दरसाल. आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, डोळा ठणकतो, मळमळते, असे कोणी म्हणाले, तर फराळ राहू द्यावा आणि तत्काळ दवाखाना गाठावा.

माईआत्या दर रविवारी फोन करते. तब्येत, पाऊसपाणी सगळे नंतर. धाकट्या भावाला तिचा पहिला प्रश्न असतो, “थेंब टाकलास का रे?”