अर्जुनाची दिव्यास्त्रे

अर्जुनाच्या अस्त्रसाधनेची सुरुवात द्रोणाचार्यांपासून होते. गंगेत मगरीने द्रोणांचा पाय धरला, तेव्हा अर्जुनाने बाणांनी तिचे तुकडे केले आणि गुरूंनी प्रसन्न होऊन त्याला ब्रह्मशिर अस्त्र दिले. देताना अट घातली, की ते माणसांवर सोडायचे नाही. पुढे खांडववनाच्या वेळी अग्नीने वरुणाकडून गांडीव धनुष्य आणि दोन अक्षय भाते त्याला मिळवून दिले.

खरा शोध मात्र वनवासात सुरू झाला. भीष्म, द्रोण, कर्ण आणि अश्वत्थामा यांच्या अस्त्रबळाची युधिष्ठिराला धास्ती होती. व्यासांनी त्याला प्रतिस्मृती ही विद्या दिली, ती त्याने अर्जुनाला शिकवली आणि त्याला उत्तरेकडे धाडले. हिमालय आणि गंधमादन ओलांडून अर्जुन इंद्रकील पर्वतावर आला. तिथे तपस्व्याच्या वेषातल्या इंद्राने त्याला धनुष्य टाकून द्यायला सांगितले; तो बधला नाही. तेव्हा इंद्राने खरे रूप दाखवले आणि आधी शंकराचे दर्शन घे, मग अस्त्रे देईन, असे सांगितले. अर्जुनाने घोर तप आरंभले. पहिल्या महिन्यात तो तीन रात्रींनी एकदा फळे खाई, दुसऱ्यात सहा रात्रींनी, तिसऱ्यात पंधरवड्याने; चौथ्या महिन्यात तो केवळ वायू भक्षून, हात वर करून उभा राहिला.

मूक नावाचा दानव रानडुकराच्या रूपाने त्याच्यावर चालून आला. अर्जुनाचा आणि एका किराताचा बाण त्याला एकाच वेळी लागला आणि शिकार कोणाची यावरून दोघांत जुंपली. वनपर्वातील हा प्रसंग फार अर्थपूर्ण आहे, कारण त्यात अर्जुनाजवळचे सारे काही एकेक करून संपते. अक्षय म्हणून मिळालेले भाते रिते होतात. तो धनुष्याच्या टोकाने मारतो, तर किरात धनुष्यच गिळून टाकतो. तलवार मोडते, झाडे आणि दगडही उपयोगी पडत नाहीत. शेवटी नुसत्या अंगबळाने झुंजताना तो निश्चेष्ट पडतो. प्रचलित पाठानुसार, शुद्धीवर आल्यावर त्याने मातीच्या शिवप्रतिमेला वाहिलेली माळ त्याला किराताच्या मस्तकावर दिसली आणि समोर कोण आहे ते कळले. पाशुपतास्त्र मिळाले ते त्यानंतर. त्यासोबत शंकराचा इशाराही होता: अल्प बळाच्या शत्रूवर हे सोडले तर सारे जग जळेल.

यम, वरुण आणि कुबेर यांनीही आपापली अस्त्रे दिली. मग अर्जुन पाच वर्षे इंद्रलोकी राहिला. तिथे तो चित्रसेन गंधर्वाकडून गायन आणि नृत्यही शिकला, आणि अज्ञातवासात बृहन्नडा होऊन राहताना हीच विद्या कामी आली. बृहन्नडेच्या रूपामागे सांगितली जाणारी उर्वशीच्या शापाची लोकप्रिय कथा मात्र पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत मूळ संहितेत नाही. त्या आवृत्तीतील आरण्यकपर्व वि. स. सुखटणकर यांनी संपादित केले आणि ते 1942 मध्ये प्रसिद्ध झाले.

अर्जुनाने निवातकवच दानवांचा संहार केला आणि हिरण्यपुरावर रौद्रास्त्र सोडले. परतल्यावर युधिष्ठिराने ही अस्त्रे दाखव म्हटले. अर्जुन दाखवू लागताच पृथ्वी कापू लागली, प्राणी भयभीत झाले आणि नारदांनी येऊन त्याला थांबवले: योग्य लक्ष्य नसताना अस्त्रे चालवायची नसतात. उद्योगपर्वात तो स्वतःच युधिष्ठिराला सांगतो, की पाशुपत आपल्याजवळ आहे, परंतु सामान्य माणसांना दिव्यास्त्रांनी मारणे योग्य नाही. आपण सरळ युद्धानेच जिंकू. जयद्रथवधाच्या आदल्या रात्री त्याने स्वप्नात कृष्णासह शंकराकडे जाऊन पाशुपत पुन्हा मागून घेतले. पण अखेर कर्ण पडला तो आंजलिक बाणाने. अर्जुनाचा संयम सर्वांत स्पष्ट दिसतो तो सौप्तिकपर्वात. अश्वत्थाम्याच्या ब्रह्मशिरावर त्याने आपले ब्रह्मशिर सोडले खरे, पण व्यास आणि नारद मध्ये उभे राहताच ते परतही घेतले. अश्वत्थाम्याला ते जमले नाही.

यादवांच्या विनाशानंतर द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन जाताना पंचनदात आभीरांनी हल्ला केला. गांडीवाला प्रत्यंचा कशीबशी चढली, अस्त्रे आठवेनात, भाते रिकामे झाले. किराताशी लढताना केले तसेच याही वेळी तो धनुष्याच्या टोकाने मारत राहिला, आणि लुटारू स्त्रियांना घेऊन गेले. अस्त्रांचे कार्य संपले, ती आली तिथे परत गेली, असे व्यासांनी त्याला सांगितले. गांडीवाचा मोह मात्र त्याला सुटला नव्हता. महाप्रस्थानाच्या वाटेवर अग्नीने पांडवांना अडवून ते वरुणाला परत करायला सांगितले. भावांनीही आग्रह केला, तेव्हा अर्जुनाने धनुष्य आणि दोन्ही भाते पाण्यात टाकले.