शंभर ग्रॅमचा भाव

इटलीतील उपाहारगृहांमध्ये अख्खा मासा मागवला असता त्याची किंमत ताटामागे नव्हे, तर वजनावर आकारली जाते, आणि त्या वजनाचे एकक किलो नसून 'एत्तो' म्हणजे शंभर ग्रॅम असते. साहजिकच पदार्थसूचीत मासळीच्या नावापुढे सात किंवा आठ युरो असा जो आकडा दिसतो, त्याला शेजारी बारीक अक्षरांत छापलेल्या या एककाशिवाय काहीच अर्थ उरत नाही. ही पद्धत जुनी आहे, उघड आहे आणि स्थानिक लोकांच्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्याबद्दल कोणी तक्रार करताना आढळत नाही. प्रस्तुत लेखिका आणि तिचे पती यांनाही ती व्हेनिसला पोहोचण्याआधीच ठाऊक झाली होती. म्हणूनच पुढे जे घडले त्याला परक्या माणसाचे अज्ञान हे कारण देता येत नाही. प्रश्न एककाचा नव्हताच. वजन कोणी, केव्हा आणि कोणासमोर करायचे, हा होता.

हे दाम्पत्य मूळचे मालवणकडचे, नोकरीनिमित्त ठाण्यात स्थिरावलेले आणि आता निवृत्त. रोम आणि फ्लॉरेन्स ही शहरे सर्वसाधारण प्रवासी पाहतात त्याच क्रमाने पाहून झाली होती. व्हेनिसमध्येही आरंभ नेहमीप्रमाणे सेंट मार्कच्या चौकापासून झाला: इ. स. ८२८ मध्ये अलेक्झांड्रियाहून गुपचूप आणलेल्या संताच्या अवशेषांसाठी उभारलेले मंदिर, १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या लुटीतून आलेले चार घोडे, आणि १९०२ मध्ये कोसळून १९१२ मध्ये जसाच्या तसा पुन्हा बांधला गेलेला घंटामनोरा. या वास्तूंविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे त्यात भर घालण्याचे प्रयोजन नाही.

सान रोक्को या धर्मबंधुसंघाच्या सभागृहाविषयी मात्र थोडे थांबून सांगायला हवे. 'स्कुओला' या नावाने ओळखले जाणारे हे संघ म्हणजे शाळा नव्हेत. दानधर्म, रुग्णसेवा आणि अंत्यसंस्कार यांसाठी गृहस्थांनी एकत्र येऊन स्थापन केलेल्या त्या संस्था होत्या. या सभागृहात तिंतोरेत्तो या चित्रकाराने १५६४ पासून दोन दशकांहून अधिक काळ काम करून भिंती आणि छत चित्रांनी भरून टाकले. छताकडे मान वर करून किती वेळ पाहणार, म्हणून तेथे प्रेक्षकांना हातात धरायला आरसे ठेवलेले असतात, आणि आरशात डोकावत सावकाश चालणारी माणसे पाहून लेखिकेच्या पतींना छतापेक्षा माणसांचीच मौज अधिक वाटली. काम मिळवण्यासाठी इतर चित्रकार कच्ची रेखाटने घेऊन आले असता तिंतोरेत्तोने पूर्ण झालेले चित्र थेट जागेवर बसवून ते संताला अर्पण केले, ही कथा प्रसिद्ध आहे. पण लेखिकेच्या मनात राहिली ती १५७७ मधील गोष्ट, जेव्हा त्याने दरवर्षी तीन चित्रे देण्याच्या बदल्यात शंभर डुकाट, म्हणजे व्हेनिसच्या त्या काळच्या सोन्याच्या नाण्यांत वार्षिक वेतन मागितले आणि ते मान्य झाले. किती काम आणि किती मोल, हे दोन्ही पक्षांना आधीच माहीत होते. जगातील थोर चित्रांपैकी काही अशा सरळ हिशेबातून निर्माण झाली, हे त्या दिवशी सहज लक्षात आले आणि संध्याकाळी त्याची आठवण फार कडवटपणे झाली.

संध्याकाळचे उपाहारगृह एका लहान कालव्याच्या काठी होते. वाढप्याने थाळीत बर्फावर मांडलेले मासे दाखवले, त्यांतला 'ब्रानझीनो' म्हणजे समुद्रातला एक रुपेरी, पांढऱ्या मांसाचा मासा निवडण्यात आला, सूचीत त्याचा भाव एत्तोला साडेसात युरो असा होता, आणि मासा दोघांना पुरेल का, असे विचारल्यावर अगदी बेताचा आहे, असे उत्तर मिळाले. वजन किती, असेही विचारले होते. त्यावर वाढप्याने हात हलवून ते आत होईल असे सुचवले. लेखिकेचे बालपण मालवणच्या मासळीबाजाराला लागून असलेल्या घरात गेले. तेथे मासळी वाट्यावर किंवा नगावर विकली जाते, तराजू क्वचितच निघतो, आणि म्हणूनच गिऱ्हाईकाच्या नजरेला वजनाचा अंदाज घेण्याची सवय लागते. तिचा अंदाज पाऊण किलोच्या आसपास होता. मासा मिठात भाजून आला, वाढप्याने तो टेबलाजवळच काट्यांपासून सफाईने सोडवला, आणि दोघांचे जेवण आनंदात झाले.

बिलावर त्याचे वजन एक किलो तीनशे ग्रॅम होते. तेरा एत्तो, साडेसातच्या दराने साडेसत्त्याण्णव युरो. पाऊण किलोचा हिशेब छप्पन्न युरोंच्या थोडा वर जातो. म्हणजे तफावत एकेचाळीस युरोंची, आणि ती रक्कम या दाम्पत्याला परवडणारी नव्हती असे नाही. पण पैशांचा प्रश्न तो नव्हताच. विचारणा केल्यावर प्रथम असे सांगण्यात आले की वजन मासा साफ करण्यापूर्वीचे असते, ज्यात आतडी आणि खवले धरलेले असतात. हे तत्त्व योग्यच आहे, परंतु लेखिकेने अंदाज केला होता तो बर्फावरच्या, साफ न केलेल्या माशाचा, आणि तोही शेपटीपासून तोंडापर्यंत नीट न्याहाळून केलेला. वजनाची चिठ्ठी मागितली तर ती ठेवली जात नाही, असे उत्तर आले. मग व्यवस्थापक आले. त्यांनी पदार्थसूची उघडून एत्तो या शब्दावर बोट ठेवले आणि सर्व काही येथे लिहिलेले आहे, असे अत्यंत सौजन्याने सांगितले. वाद एककाबद्दल नाही, आकड्याबद्दल आहे, हे तीनदा सांगूनही बोट त्याच शब्दावर राहिले. ते बोट लेखिकेच्या डोळ्यांसमोरून आजही हलत नाही. शेजारच्या टेबलांवरील लोक पाहू लागले होते, पतींनी पैसे ठेवले आणि दोघे उठले.

जे नाकारले गेले ते नेमके काय, याचा विचार तेव्हापासून अनेकदा झाला आहे. फसवणूक झाली असे सिद्ध करण्याचे कोणतेही साधन त्या दाम्पत्याकडे नव्हते, कारण पुरावा म्हणजे तो मासा, आणि तो खाऊन झाला होता. अन्नाच्या व्यवहारात हीच खरी विषमता आहे: कापड परत करता येते, खोली बदलून मागता येते, पण भोजनाचे मोल भोजन संपल्यानंतर सांगितले जाते आणि त्यावर वजनाचा अधिकार पूर्णतः एकाच पक्षाच्या हाती असतो. मोठ्या रकमेचे प्रसंग कधीतरी उजेडात येतात. २०१८ मध्ये व्हेनिसमध्येच चार जपानी विद्यार्थ्यांना एका जेवणाचे सुमारे अकराशे युरोंचे बिल देण्यात आले तेव्हा त्याची चर्चा जगभर झाली आणि शहराच्या महापौरांनाही त्यावर बोलावे लागले. एकेचाळीस युरोंसाठी महापौर बोलत नाहीत. अशा लहान रकमांवरच हा व्यवहार निर्धास्तपणे चालतो.

याच बिलात 'कोपेर्तो' नावाची एक वेगळी रक्कम होती. टेबल, चादर, काटे-चमचे आणि पाव यांसाठी माणशी काही युरो घेण्याची ही इटलीतील सर्वदूर प्रथा असून रोम ज्या लात्सिओ प्रांतात आहे तेथे तिला कायद्याने मनाई आहे. भारतीय प्रवासी साधारणतः तिच्यावरच रागावतात, मात्र लेखिकेचे मत याबाबत उलट आहे. सूचीवर आधी छापलेली, सर्वांना सारखी आणि काय खाल्ले यावर न बदलणारी ही रक्कम प्रामाणिक आहे. आपल्याकडे बिलाच्या शेवटी टक्केवारीने जोडले जाणारे सेवाशुल्क याहून कितीतरी संदिग्ध ठरते. ते आपोआप लावू नये असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये दिले, दिल्ली उच्च न्यायालयाने ते मार्च २०२५ मध्ये वैध ठरवले, आणि तरीही मुंबई-ठाण्यातील बिलांच्या तळाशी ती ओळ अधूनमधून दिसतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे रिआल्तो पुलाजवळच्या मासळीबाजारात गेले, आणि तेथे या सर्व प्रकरणाला एक अनपेक्षित उत्तर मिळाले. कमानींच्या मंडईत बर्फाच्या राशींवर माकूळ, कोळंबी, शिंपल्या आणि खाडीतले लहान खेकडे मांडलेले होते. प्रत्येक राशीवर किलोचा भाव, मासा कोणत्या समुद्रातला आणि तो पकडलेला की मत्स्यशेतीत वाढवलेला, हे लिहिलेली पाटी होती, कारण युरोपीय संघाच्या नियमांनुसार ही माहिती विक्रेत्याला द्यावीच लागते. तराजू गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मंडईलगतच्या भिंतीत एक जुनी संगमरवरी शिळा बसवलेली आहे, जिच्यावर कोणता मासा किमान किती लांबीचा असल्याशिवाय विकता येणार नाही, हे कोरलेले आहे: तारली सात सेंटिमीटर, वाम पंचवीस, कालव पाच, शिणाणे तीन. पिल्ले मारली जाऊ नयेत हा त्यामागचा हेतू उघड आहे, आणि महाराष्ट्र शासनानेही २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी अशी किमान लांबी ठरवून दिली आहे. परंतु लेखिकेला भिडली ती शिळेची जागा. माप सरकारी दप्तरात नव्हते. विकणारा, घेणारा आणि नुसता पाहणारा, या तिघांनाही ते एकाच वेळी वाचता येईल असे उभे केलेले होते. ज्या शहराने माशाची लांबी दगडात कोरून ठेवली, त्याच शहरात माशाचे वजन बंद दाराआड व्हावे, ही गोष्ट संतापजनक आहे.

त्या दुपारी जेवण झाले ते एका 'बाकारो'त. बाकारो म्हणजे व्हेनिसमधील छोटा मद्याचा गुत्ता, जेथे काचेच्या कपाटात 'चिकेत्ती' म्हणजे पावाच्या तुकड्यांवर मांडलेले पदार्थ ठेवलेले असतात, लोक उभ्याने खातात आणि किंमत नगावर असते. कांदा, व्हिनेगर, मनुका आणि चिलगोज्यांत मुरवलेल्या तळलेल्या तारल्या तेथे मिळाल्या. समुद्रावर दिवसेंदिवस राहणाऱ्या खलाशांसाठी टिकाऊ म्हणून निघालेला हा पदार्थ खाताना कोकणात हलकी मानली जाणारी तारली काय मानाला पोहोचू शकते, हे कळले. दुसरा पदार्थ सुकवलेल्या कॉड माशाचा, तेल घालून लोण्यासारखा मऊ घोटलेला. १४३१ मध्ये पिएत्रो क्वेरिनी हा व्हेनिसचा सरदार मद्याने भरलेले जहाज घेऊन फ्लँडर्सकडे निघाला असता वादळात भरकटला, तो आणि त्याचे काही सोबती वाचून नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर पोहोचले, तेथील कोळ्यांनी वाऱ्यावर वाळवलेल्या माशावर त्यांना जगवले, आणि परतल्यावर त्याने या माशाची हकीकत सांगितली, असा त्याचा इतिहास आहे. बुडालेल्या परक्यांना त्या कोळ्यांनी घरांत घेतले आणि महिनोन्‌महिने जेवू घातले. पाहुण्याशी कसे वागावे याचे इतके मोठे उदाहरण ज्या घासात आहे, तो घास तेथे दोन-तीन युरोंत मिळतो.

पतींचे म्हणणे मात्र वेगळे होते आणि आजही आहे. व्हेनिसच्या जुन्या शहराची लोकसंख्या २०२२ मध्ये पन्नास हजारांच्या खाली गेली, घरे प्रवाशांच्या मुक्कामासाठी जाऊ लागली, आणि २०२४ पासून काही ठरावीक दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेण्याची पाळी नगरपालिकेवर आली. असे शहर पाहुण्यांच्या खिशावर जगत असेल तर त्यात नवल नाही, असे ते म्हणतात. 'व्हापोरेत्तो' म्हणजे कालव्यातील प्रवासी बोटीचे साधे तिकीट परक्याला साडेनऊ युरोंना पडते आणि रहिवाशाला त्याच्या अगदी लहान अंशात, हे त्यांनी उदाहरणादाखल दाखवून दिले. लेखिकेला हे उदाहरण तिच्याच बाजूचे वाटते. बोटीचा दुहेरी दर खिडकीवर छापलेला असतो, तो वाचून चढायचे की चालत जायचे हे ठरवता येते, आणि रोज कामावर जाणाऱ्या माणसाने कमी द्यावे यात अन्याय कसला? वजन लपवणे ही वेगळी गोष्ट आहे.

अख्खा मासा पुन्हा मागवायचा नाही, असा निश्चय झाला होता. तो टिकला नाही. मुक्कामाच्या अखेरीस जुदेक्का बेटावर, जेथे बाहेरची गर्दी विरळ होते, एका घरगुती उपाहारगृहात वाढप्याने विचारण्याआधीच मासा तराजूवर ठेवून टेबलापाशी आणला, वजन सांगितले, कागदाच्या कोपऱ्यावर एकूण रक्कम लिहिली आणि मान्य आहे का, असे विचारले. या सगळ्याला अर्धे मिनिट लागले असेल. त्या अर्ध्या मिनिटानंतर लेखिकेचे मत बदलले: समुद्रातून आलेला कोणताही मासा दुसऱ्यासारखा नसतो, म्हणून तो वजनावर विकणे हेच न्याय्य आहे, आणि ताटामागे एकच किंमत लावणारे ठिकाण बहुधा बाहेरून आणलेले सारख्या आकाराचे मासे वाढते, असे तिला आता वाटते. इटलीला जाणाऱ्या ओळखीच्या लोकांना ती अख्खा मासा जरूर खा असे सांगते, मात्र तो चुलीवर जाण्यापूर्वी वजन आणि एकूण रक्कम लिहून घ्या, आणि कोणी हात हलवून टाळले तर पास्ता मागवा, असेही बजावते.

जुदेक्कावरचा मासा किंचित कोरडा झाला होता. चवीपुरते बोलायचे तर कालव्याकाठच्या त्या उपाहारगृहातील मासा अधिक रसाळ होता, त्याचे मीठ अधिक नेमके होते, आणि याबाबतीत पतिपत्नींत मतभेद नाही.