हिशोब जुळला, जाळी हलली

निफाड तालुक्याच्या थंडीचं वर्तमानपत्रांना फार कौतुक. पारा घसरला की बातमी ठरलेली, सोबत द्राक्षबागेत पेटवलेल्या शेकोट्यांचा फोटो. त्याच थंडीत माझ्या बहिणीचं बाळ सहा महिन्यांचं होणार होतं. नाशिकच्या तिबेटी मार्केटमध्ये हवा तसा स्वेटर मिळतो, हे घरातल्या प्रत्येकाने मला सांगून पाहिलं. पण मला तो विणायचा होता, आणि विणायचा तर जाळीचाच. भांडवल काय, तर टाके घालणं, सुलट, उलट आणि टाके बंद करणं.

नमुना शेजारच्या काकूंच्या वहीतला. सहा टाक्यांचं एक पान: एक सुलट, धागा पुढे, एक सुलट, तिनाचा एक, एक सुलट, धागा पुढे. तिनाचा एक करताना दोन टाके न विणता एकदम उजव्या सुईवर घ्यायचे, तिसरा विणायचा आणि ते दोन त्याच्यावरून उतरवायचे. धागा पुढे घेतला की सुईवर एक जादा टाका येतो आणि तिथे भोक पडतं. परतीची ओळ सगळी उलट. पुढच्या भागाला अशी नऊ पानं, शेवटचं पान पुरं करायला एक टाका, शिवणीसाठी दोन्ही कडांना एकेक. एकूण ५७.

मी लासलगावात कांद्याच्या एका व्यापाऱ्याकडे हिशोब लिहिते. दिवसभर वजन, भाव, हिशोबपट्टी, जमा आणि नावे. त्यामुळे जाळीचं गणित मला लगेच पटलं. तिनाचा एक केला की दोन टाके नावे पडतात, दोन भोकं ते जमा करतात. प्रत्येक पान आपापल्या जागी फिटलेलं. कितीही ओळी विणा, सुईवर ५७ ते ५७. मुंढ्यापर्यंत मी अगदी निर्धास्त होते.

मुंढ्याशी वहीत एकच वाक्य होतं: ‘दोन्ही कडांना तीन-तीन टाके बंद करून, नमुना कायम ठेवून, एकाआड एक ओळीत एकेक टाका चार वेळा कमी करा.’ तीन-तीन बंद केले, ५१ उरले. कमी कुठे करायचा, हे त्या वाक्यात नव्हतं, म्हणून ती ओळ आधी नुसता नमुना म्हणून विणून बघितली. कडेचा एक, मग पहिल्या पानापासून सुरुवात, शेवटी कडेचा एक. ओळ बरोबर संपली. दोन कडा सोडून ४९ टाके, म्हणजे आठ पानं आणि वरचा एक. एकही टाका कमी-जास्त नाही. आणि समोर पाहते तर पानाचं टोक देठाच्या सरळ वर आलेलं, भोकं सगळी बाजूला सरकलेली. तेरीज जुळते आणि खातं चुकलेलं असतं, हा प्रकार पेढीवर मला माहीत आहे. लोकरीत तो भेटेल असं वाटलं नव्हतं.

काकूंनी विणकाम हातात घेतलं, चष्मा वर सरकवला. “अगं, तू मोजलंस कुठून?”

“कडेपासून. अजून कुठून मोजणार?”

“कड आता राहिलीय का जागेवर?”

माझं माहेर येवल्याचं. पैठणीच्या मागावर ताणा एकदा भरला की धागे तेवढेच राहतात. काठ पहिल्यापासून पदरापर्यंत सरळ, काठापासून मोजलेली बुट्टी हलत नाही. मोजायचं ते कडेपासून, हे माझ्या डोक्यात तिथूनच बसलेलं असावं. सुयांच्या विणकामात कडच आत येते. तीन टाके गेले की पहिलं पान अर्धं कापलं जातं, आणि पुढचं पान पूर्वी होतं तिथेच राहायला हवं. मी मात्र उरलेल्या अर्ध्या पानाला पूर्ण पानाची सुरुवात समजून विणत गेले होते.

काकूंनी ती ओळ उसवली. जाळीची ओळ उसवणं म्हणजे काळजाचा ठोका चुकवणारं काम, कारण भोकाचा टाका सुटला की खाली धरायला काही नसतंच. मग त्यांनी दाभणात पांढरा शिवणाचा दोरा घेऊन सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवला. पुन्हा उसवावं लागलं तर दोऱ्यापर्यंतच उसवेल. (आमच्या गावात दाभण शोधावं लागत नाही, गोणी शिवायला असतंच. फक्त बोथट टोकाचं घ्या, नाहीतर लोकर चिरते.) नंतर मधला टाका शोधला. ५७ मधला २९वा हा पाचव्या पानाच्या टोकावर येतो. तिथून दोन्हीकडे मोजत प्रत्येक पानाच्या सुरुवातीला लाल धाग्याची गाठ अडकवली. आता कडेला काहीही होवो, गाठींच्या मधली पानं नेहमीसारखीच विणायची.

राहिला कडेचा तुकडा. उजव्या बाजूला पहिल्या गाठीआधी चार टाके उरले होते. त्यात तिनाचा एक बसत नाही, त्याच्या जोडीचं एक भोक तर बंद केलेल्या टाक्यांबरोबरच गेलेलं. मी विचारलं, दोनाचा एक करून उरलेलं एक भोक घेऊ का? काकू म्हणाल्या, “घेतलंस तर टाके तेवढेच राहतील. मुंढा कमी कोण करणार मग?”

मी इतकी गोंधळले होते ते इथे सुटलं. सुईवर दोन प्रकारची घट चालू होती. जाळीतली घट भोकाने फेडायची असते. मुंढ्याची घट फेडायचीच नसते, ती कायमची वजावट. दोन्ही दिसायला सारख्याच, दोनाचा एक. म्हणून कडेचा टाका साधा, मग दोनाचा एक, मग एक सुलट, आणि भोक गाळायचं. चाराचे तीन झाले, मुंढा एका टाक्याने आत आला आणि दुसरं पान जागचं हललं नाही. त्याच्या पुढच्या वेळी तीनच टाके, त्यात जाळीचं काहीच बसत नाही, तर नुसतं सुलट विणून एक कमी. काकूंचा नियम एवढाच: भोक आणि त्याची जोडीदार घट दोन्ही मावत असतील तर दोन्ही घ्या, नाहीतर दोन्ही सोडा. डाव्या कडेला हेच आरशातल्यासारखं उलटं. चार घटींनंतर ४३ टाके उरले, आणि कड नेमकी दुसऱ्या पानाच्या पहिल्या टाक्यावर आली.

नंतर चौकटीच्या वहीत हे सगळं काढून बघितलं. एका चौकोनात एक टाका, मुंढ्याची रेघ लाल पेनने. कुठलं पान कुठे कापलं जाणार ते विणण्याआधीच दिसतं. हा कागद आधी का काढत नाहीत, मला कळत नाही. काकूंच्या मते तो नवशिक्यांचा उद्योग.

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत. तिथल्या जाळीच्या शाली इतक्या तलम की लग्नाच्या अंगठीतून आरपार निघतात. तिथल्या जुन्या पद्धतीत आधी कडेची झालर विणतात, मग तिच्यावर टाके उचलून चारही बाजू कोपऱ्यांत टाके कमी करत आत आणतात. मधला चौकोन शेवटी. म्हणजे त्या बायका चार कोपऱ्यांवर हाच मुंढा विणत होत्या. मला एकदम बरं वाटलं.

आता गळा आलाय. मधले १३ टाके बंद करायचे, म्हणजे ज्या २९व्या टाक्यावरून सगळं मोजत होते तोच पहिल्यांदा जाणार. दोन्हीकडे चौथं आणि सहावं पान ऐन टोकावर कापलं जातंय. काकूंना विचारलं, आता कुठून मोजू? त्या म्हणाल्या, “तिसरं आणि सातवं पान अख्खं राहतंय ना, त्यांच्या गाठी काढू नकोस. डावा-उजवा खांदा आपापल्या गाठीपासून मोज. आणि दोरा परत ओवून घे, मागचा आता फार खाली राहिला.”