दाव्याला बांधलेली फटफटी

तुम्ही म्हणाल, मोटारसायकल बोटीवर कशी बांधावी हा काय बायकांच्या पानावरचा विषय झाला? लोणच्याच्या बरणीला दादरा कसा बांधावा ते सांगा, वाचू एक वेळ. पण आम्ही राहतो दापोलीला, माझं माहेर गुहागरकडचं, मधे दाभोळची खाडी आडवी, आणि घरात वाहन म्हणाल तर एक फटफटी. तेव्हा माझ्या दृष्टीनं हा विषय लोणच्याच्या बरणीइतकाच घरचा आहे.

दाभोळ अलीकडच्या काठाला, धोपावे पलीकडे, आणि तिथंच वाशिष्ठी समुद्राला मिळते. २००३ सालापासून इथं गाड्या नेणारी फेरीबोट चालते. त्याआधी गाडीनं जायचं तर खेड-चिपळूण करत शंभराच्या आसपास किलोमीटरचा वळसा. लग्नानंतर कित्येक वर्षं मी वर्षातून एकदा, फार तर दोनदा माहेरी जायची. फेरी सुरू झाली आणि माहेर जणू शेजारच्या आळीत आलं. आई आता पंच्याऐंशीच्या घरात आहे, डोळ्यांनी तिला जवळजवळ दिसत नाही. महिन्यातून एकदा तिला भेटून आले नाही, तर माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. पाऊस उघडला होता, पण खाडीच्या तोंडाशी पाणी चांगलंच हलत होतं. आम्ही बोटीवर चढलो. तिथल्या पोरानं सांगितलं, "काका, साइड स्टँडवर लावा, गियरमध्ये ठेवा." यांनी नेहमीप्रमाणे गाडी डबल स्टँडवर चढवली. "तीस वर्षं चालवतोय रे बाबा," म्हणाले, आणि सीटवर एक हात ठेवून शेजारच्या गृहस्थांशी पावसापाण्याच्या गप्पा मारत उभे राहिले.

निम्म्या वाटेवर बोट एकदा अशी कलली, की माझ्या हातातली पिशवीच सुटली. दुसऱ्या हेलकाव्याला गाडी स्टँडवरून पुढं उतरली आणि यांच्या अंगावर आली. यांनी उजव्या खांद्यानं ती थोपवायला बघितली. शंभर किलोंच्या वरचं धूड ते! तांदळाच्या पन्नास किलोंच्या दोन गोण्या एकदम अंगावर आल्या असं समजा. गाडी आडवी झाली, आरसा फुटला, पेट्रोलचा वास सुटला. आणि खरं सांगू का, ते सगळं मला नंतर दिसलं. आधी दिसली ती पत्र्यावर सांडलेली शेंगांची टरफलं. चारपाच वर्षांची एक मुलगी तिथं बसून शेंगा खात होती. क्षणभरापूर्वीच उठून आईकडे गेली होती. तिच्या आईनं आमच्याकडे नुसतं बघितलं, तोंडातून एक शब्द काढला नाही. ती चार शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं.

यांचा खांदा त्या दिवसापासून गेला. मला काही सांगितलं नाही. पण बनियन काढताना आधी डावा हात बाहेर येऊ लागला, फळीवरचा डबा काढायला मला हाक येऊ लागली, तेव्हा मी काय ते ओळखलं. डॉक्टर म्हणाले, वजन उचलायचं नाही, झटका बसू द्यायचा नाही. पुण्याहून दोन्ही मुलांचा फोन. "आई, गाडी विकून टाका आता. वय झालं बाबांचं." मुलांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण गाडी गेली म्हणजे माझं महिन्याचं माहेर गेलं. दाभोळपर्यंत एसटी, मग पायी फेरी, पलीकडे मिळेल ती रिक्षा, आणि हे सगळं माझ्या गुडघ्यांनी! वर्षातून दोनदा झालं असतं, पुन्हा पहिल्यासारखं.

मग मी ठरवलं, की गाडी खांद्यानं धरायचीच कशाला? बोटीवर दुसऱ्यांच्या गाड्या बघू लागले, त्या पोरांना विचारू लागले. जे शिकले ते सांगते. तुमच्या घरात स्कूटर असो की मोटारसायकल, कधी ना कधी उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे चढतानाच आपण मागून उतरायचं. ओहोटीला धक्क्याचा उतार उघडा पडतो, त्यावर शेवाळ असतं, आणि बोटीची लोखंडी फळी कायम ओली. चालवणाऱ्यानं एकटं, सरळ रेषेत, पहिल्या गियरमध्ये हळू चढायचं, पुढचा ब्रेक मारायचा नाही. आपण मागून चालत जावं, आणि त्या दिवशी साडीच नेसायची असेल तर जरा वर खोचून, हं!

डबल स्टँडवर गाडी ऐटीत उभी राहते, घराच्या अंगणात. बोटीवर मात्र मागचं चाक अधांतरी राहतं, त्यामुळं गियर टाकून काही फायदा नाही, आणि पुढं धक्का बसला की गाडी स्टँडवरून उतरते. आमचं तेच झालं. साइड स्टँडवर दोन्ही चाकं टेकलेली असतात. इंजिन बंद करून पहिला गियर टाकायचा, हँडल डावीकडे वळवून कुलूप लावायचं. पुढचा ब्रेक दाबून त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळायची, म्हणजे पुढचं चाकही हलत नाही. पंक्चरवाल्याकडे ही ट्यूब मागितली तर तो पैसेसुद्धा घेत नाही. बिनगियरच्या स्कूटरला तर ही पट्टी हवीच. काही स्कूटरना डाव्या ब्रेकपाशी एक छोटी खटकी असते, ती असेल तर ती लावायची.

आता बांधणं. स्टँड ज्या बाजूला, त्याच बाजूला बोटीचा कठडा येईल अशी गाडी उभी करायची. म्हणजे गाडी कठड्याकडे कललेली राहते. तिकडे पडायला स्टँड देत नाही, उलट बाजूला पडायला दोर देत नाही. दोर मागच्या कॅरिअरच्या मजबूत दांड्याला आणि पुढं हँडलच्या मुळाशी, अशा दोन ठिकाणी घ्यायचा. आरशाला नको, दिव्यांना नको, आणि साडीगार्डला तर मुळीच नको. तो आपला पदर सांभाळायला असतो, गाडी सांभाळायला नव्हे. सीटवरून दोर जात असेल तर खाली जुन्या गोधडीची घडी घालावी, म्हणजे सीट फाटत नाही. आणि सायलेन्सरपासून दोर लांब ठेवावा. मी पहिल्यांदा घेतलेली नायलॉनची नवी कोरी दोरी सायलेन्सरला लागून वितळली, घरभर वास. शिवाय नायलॉन ताणतं, त्याची गाठ सरकते. काथ्याचा दोर खरबरीत, गाठ धरून ठेवतो.

गाठ कोणती? इथं मला माहेरचा गोठा आठवला. निरगाठ मारून चालत नाही, कारण धक्का आला की मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागतात आणि आपली बोटं भिजलेली. दोन वेढे द्यायचे आणि वर सुरगाठ, एका हिसक्यात सुटणारी. गुरं बांधणाऱ्या घरातल्या मुलीला हे शिकवावं लागत नाही.

पणजी-बेतीसारख्या नदीवरच्या छोट्या फेरीला लोक स्कूटरवर बसूनच पलीकडे जातात, तिथं एवढा खटाटोप कोणी करत नाही. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० सालापासून मोठी बोट जाते, तिथं माणसं वर बसतात. तेव्हा गाडी खाली एकटी राहणार हे धरूनच लावायची, आणि तिथली माणसं सांगतील तिथं. आमच्यासारख्या उघड्या खाडीत मात्र अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, विशेषतः पावसाळ्यात, मी बांधल्याशिवाय गाडी सोडत नाही. गाडी बांधलेली असली तरी तिच्यावर बसून राहायचं नाही, आणि तिच्या पडत्या बाजूला कुणाचं मूल बसलं असेल तर आपणच उठवायचं. उगीच भीड ठेवू नये.

यांना पहिल्यांदा फार लाज वाटली. बायको वाकून गाडी बांधतेय आणि आपण उभे! "अगं, लोक बघतात," म्हणाले. "बघू देत," मी म्हटलं, "त्यांना पण शिकायला मिळेल." मग चार फेऱ्या हे पाठ करून समुद्राकडे बघत उभे राहिले, जणू गाडी दुसऱ्याचीच. मीही काही बोलले नाही. पाचव्या की सहाव्या खेपेला बोटीवर चढल्यावर यांनी आपणहून डिकीतून दोर काढला आणि माझ्या हातात दिला. त्या दिवशी शेजारी एक नवं जोडपं होतं. मुलगा गाडी डबल स्टँडवर चढवत होता. हे त्याला म्हणाले, "अहो, ते अंगणात ठीक. इथं चाक टेकलेलं हवं." माझंच वाक्य, जसंच्या तसं! त्या मुलीनं विचारलं, "काका, तुम्हाला बरं माहीत?" तर म्हणतात, "तीस वर्षं चालवतोय."

गेल्या महिन्यात माहेरी पोचलो, तेव्हा दोर पिशवीतच राहिला होता. फणसाचे गरे द्यायला आई पिशवी चाचपू लागली, तर तिच्या हाताला तो लागला. दोन बोटांनी पीळ चाचपत तिनं विचारलं, "हे कपिलेचं दावं ना?"

तेच होतं ते. गोठा रिकामा झाला त्या वर्षी खुंटीवरून मी काढून नेलं होतं, कुणाला न विचारता.

"हो," मी म्हटलं. "आता आमची फटफटी बांधते त्यानं."

आई हसली. दावं तिनं पिशवीत परत ठेवलं, वर गरे ठेवले, आणि म्हणाली, "मग निघा आता. बोट चुकेल."