लग्नांतील छायाचित्रें

लग्नाचें छायाचित्र म्हटलें कीं पूर्वीं ताठ बसलेले वधूवर आणि मागें आप्तेष्टांची रांग, असेंच चित्र डोळ्यांपुढें येई. तो ताठपणा मूळचा यंत्राचा. १८३९ सालीं दागेरची प्रक्रिया जाहीर झाली तेव्हां एका प्रतिमेस कित्येक मिनिटें लागत. पुढेंहि पुष्कळ वर्षें मान हलूं नये म्हणून पाठीमागून लोखंडी आधार देत. १९२५ सालीं लायका हा लहानसा कॅमेरा बाजारांत आला आणि छायाचित्रकारास माणसांत मिसळतां येऊं लागलें.

साधन बदललें, संवय मात्र राहिली. अजूनहि मंडपांत "जरा हंसा", "हार पुन्हां घाला" अशा आज्ञा सुटतात आणि विधि छायाचित्रासाठीं थांबतो. आमच्या पुतणीच्या लग्नांतील तरुण छायाचित्रकारानें आदल्या दिवशींच गुरुजींकडून विधींचा क्रम समजून घेतला होता. मंगलाष्टकें चालू असतां साऱ्यांचे डोळे, आणि आतां मोबाईलहि, अंतरपाटाकडे लागतात. त्याच वेळीं वधूची आई रिवाजाप्रमाणें तुळशीला पाणी घालीत असते. सहकाऱ्यास मंडपांत ठेवून हा तिकडे गेला व दूर उभा राहिला. तांब्या कलता, पाणी केव्हांच संपलेलें, आणि वहिनींचे कान मंडपाकडे, असें तें चित्र आहे. संग्रहांत घालण्यापूर्वीं त्यानें वहिनींना विचारलें. त्या बराच वेळ पाहून म्हणाल्या, "मी रडलें नाहीं, असें मला वाटत होतें. असूं द्या."

सहज भाव आज्ञेनें मिळत नाहीं. तो चोरून घेण्याचीहि वस्तु नव्हे. रिवाज जाणणाऱ्यास आणि अंतर राखणाऱ्यास तो आपण होऊन दिसतो.