मामाची एमजी, बोली किती?

सेकंड हँड मोबाइल विकणं सोपं असतं. मॉडेल बघायचं, बॅटरी बघायची, स्क्रीनवर ओरखडे आहेत का बघायचं, विषय संपला. रोजच्या वापरातली गाडी विकणंही तसं सोपंच. वर्ष, किलोमीटर, फर्स्ट ओनर की सेकंड, एवढं सांगितलं की समोरचा पाच मिनिटांत आकडा सांगतो. पण १९६७ सालची, दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार विकायची असेल, आणि तिच्या बॉनेटखाली भलत्याच गाडीचं इंजिन बसवलेलं असेल, तर? मग बॉस, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. कारण अशा गाडीचा भाव ठरवताना अख्खं घर मध्ये बोलतं.

आमच्या घरात हे गेल्या वर्षी झालं. गाडी माझ्या मामाची. एमजी बी रोडस्टर. एमजी म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर हेक्टर येत असेल. बरोबरच आहे, २०१९ पासून आपल्या रस्त्यावर तीच दिसते. पण त्याच्या कितीतरी आधी, इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही छोटी स्पोर्ट्स कार तयार होत होती. रोडस्टर आणि जीटी मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. म्हणजे दुर्मीळ वगैरे अजिबात नाही. तिकडे सुटे भाग आजही मिळतात. पण पुण्यात? पुण्यात ती दिसली की माणसं सिग्नल सुटलेला विसरतात.

ही गाडी विलायतेहून परतलेल्या एका डॉक्टरांनी आणलेली. मामाने १९९४ मध्ये त्यांच्या घरच्यांकडून ती अडतीस हजारांना घेतली, तीही बंद अवस्थेत. इंजिन जाम, सीटमध्ये उंदरांचा संसार. तेव्हा इंटरनेटवरून पार्ट मागवायची सोय नव्हती. चार वर्षं वाट बघून मामाने शेवटी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून कॉन्टेसा क्लासिकचं १.८ लिटरचं इसुझू इंजिन आणि त्याचा पाच गिअरचा गिअरबॉक्स उचलला आणि एमजीत बसवला. रंगही बदलून लालभडक केला. गाडी पळाली. नुसती पळाली नाही, लोणावळ्याचा घाट न तापता चढली! जुनं इंजिन मामाने ग्रीस लावून, ताडपत्रीत गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवलं. 'बघू कधीतरी' म्हणत.

ते 'कधीतरी' सत्तावीस वर्षं टिकलं. मग सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. नव्या इमारतीत एका फ्लॅटमागे एकच पार्किंग. मामा बहात्तरचा, मामीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलेलं. गाडी विकायची यावर सगळ्यांचं एकमत झालं. एकमत झालं नाही ते आकड्यावर.

मामाचा आकडा होता बावीस लाख. "एक पैसा कमी नाही. चौदा लाख साठ हजार तर मीच घातलेत तिच्यात. डायरी आहे माझ्याकडे."

एका डीलरचा आकडा होता सहा लाख. "इंजिन कॉन्टेसाचं आहे हो, काका. ही एमजी कुठे राहिली?"

टोरांटोहून मामेबहिणीचा आकडा आला. "जो नेईल त्याला देऊन टाका."

आणि मामीने आकडाच सांगितला नाही. ती म्हणाली, "तू पत्रकार आहेस ना? चार लोकांना विचारून खरं काय ते लिहून आण."

मग मी कामाला लागले. फ्रीलान्सर माणसाला वेळ असतो अशी घरच्यांची समजूत असते, ती यावेळी सगळ्यांच्याच पथ्यावर पडली.

पहिला धडा मिळाला एका जुन्या मेकॅनिककडून. खर्च म्हणजे किंमत नव्हे. तुम्ही गाडीत दहा लाख घातलेत म्हणजे गाडी दहा लाखांनी महाग झाली, असं होत नाही. क्लासिक गाडीचा गिऱ्हाईक कारखान्यातून निघालेली गाडी शोधत असतो, तुमची हौस शोधत नसतो. तुमच्या हौसेचे पैसे त्याने का द्यावेत?

दुसरा धडा म्हणजे सगळी मॉडिफिकेशन्स एकाच पारड्यात टाकायची नाहीत. त्याने मला तीन रकाने आखायला लावले. पहिला रकाना, जे पाना घेऊन एका दुपारी काढता येतं. मामाचं लाकडी स्टीअरिंग, अलॉय व्हील्स, म्युझिक सिस्टीम. मूळ वस्तू जपून ठेवल्या असतील तर यांनी भाव पडत नाही, चढतही नाही. दुसरा रकाना, ज्याने गाडी चालवणं सुखाचं होतं आणि बाहेरून कळतही नाही. मूळ गाडीत सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या, मामाने बारा व्होल्टची एक बसवली. रेडिएटरला इलेक्ट्रिक फॅन, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर. याला गिऱ्हाईक खूश होतो, थोडे जास्त पैसेही देतो. तिसरा रकाना, जिथे पत्रा कापलाय. इथे भाव पडतो. आमच्या गाडीचं बॉनेट शाबूत होतं, इंजिनाचे माउंटिंग नटबोल्टचे होते, पण कॉन्टेसाचा गिअरबॉक्स बसावा म्हणून मधला बोगदा थोडा कापलेला होता.

तिसरा धडा गंजाचा. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच तिची हाडं. दारांखालच्या ज्या पत्र्याच्या पट्ट्या असतात त्यांना सिल म्हणतात. त्या कुजल्या की उघड्या टपाची गाडी मधूनच वाकते. दार उघडं ठेवून गाडी जॅकवर घ्यायची आणि ते नीट लागतंय का बघायचं. आमचं दार ‘खट्’ करून लागलं. मामाने कॉलर ताठ केली.

मग कागद. सगळ्यात जास्त भाव इथे हलतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सुप्रीम कोर्टाचा निकाल एकच गोष्ट सांगतात. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालणार नाही, इंजिन बदलायचं तर परवानगी हवी. मामाने त्या काळीच आरटीओत खेटे घालून नवा इंजिन नंबर आरसी बुकावर चढवून घेतला होता. पावतीसकट! हा एक कागद नसता तर डीलरचे सहा लाखसुद्धा जास्त वाटले असते. पण दुसरा मुद्दा उलटा गेला. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढच्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. वय बसत होतं, इंजिन बसत नव्हतं.

आणि इथे ताडपत्रीतलं ते इंजिन अचानक हीरो झालं. १७९८ सीसीचं हे इंजिन बीएमसीच्या बी सिरीजचं, म्हणजे आपल्या जुन्या अॅम्बॅसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचं थोरलं भावंड. त्या घराण्यावर हात बसलेले मिस्त्री महाराष्ट्रात अजून आहेत. इंग्लंडमधल्या गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून चासी नंबर कळवून हेरिटेज सर्टिफिकेट मागवता येतं. बहिणीने टोरांटोहून पैसे भरले. सर्टिफिकेटवरचा इंजिन नंबर आणि ताडपत्रीतल्या इंजिनावरचा नंबर एकच निघाला. मूळ रंगही कळला. लाल नाही, फिकट पिवळा!

आता गणित मांडता आलं. जुन्या गाड्यांची हौस असलेल्या तिघांना मी वेगवेगळं विचारलं. हीच गाडी, मूळ इंजिनासकट, चालू आणि ठीकठाक असती तर किती? मधला आकडा आला सोळा लाख. मूळ इंजिन आणि गिअरबॉक्स उघडून नीट करणं, कार्ब्युरेटर, वायरिंग असे साडेतीन लाख. बोगद्याचं वेल्डिंग चाळीस हजार. इंजिन उघडल्यावर आत काय निघेल ही धास्ती आणि ‘व्हीए’ची अनिश्चितता मिळून एक लाख दहा हजार. वजा पाच लाख. उरले अकरा.

दरम्यान एकाने फक्त ताडपत्रीतल्या इंजिन-गिअरबॉक्सचे दोन लाख देऊ केले. मामा म्हणाला, "दे की! दोन वेगळे, गाडीचे वेगळे." मी म्हटलं, मामा, ते गेलं तर ही गाडी पुन्हा कधीच मूळ होणार नाही. दुसरं इंजिन मिळेल, पण हा नंबर मिळणार नाही. दोन लाख मिळवायला त्याहून जास्त घालवशील.

ते त्याला पटलं. अकरा मात्र पटेनात. "चौदा साठचे अकरा? सत्तावीस वर्षांनी?"

मग मी ती डायरी मागून घेतली आणि रात्री बसून बेरीज केली. चौदा साठ बरोबर होते. पण त्यात एक नोंद पुन्हा पुन्हा येत होती. 'उसने – सौ.' टायरसाठी, रंगासाठी, सीट कव्हरसाठी. १९९९ च्या मे महिन्यात एकदम चाळीस हजार, पुढे कंसात 'काश्मीर रद्द'. मामी बँकेत होती, तिचा पगार. या उसन्यांची बेरीज तीन लाख वीस हजार झाली. परतफेडीची नोंद एकही नव्हती.

सकाळी मी फक्त तो आकडा पेन्सिलने खाली लिहून डायरी मामासमोर ठेवली. तो बराच वेळ पानं उलटत राहिला. मामी भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मला व्याज नको हं. गुडघे करून दे."

मामाने चष्मा पुसला. "अकरा लिही," तो मला म्हणाला. "आणि इंजिन कुणाचं आहे ते पहिल्या ओळीत लिही."

बावीस लाख हा भाव नव्हताच, हे मला तेव्हा कळलं. गाडी विकायची नसेल तर माणूस असाच आकडा सांगतो. कुणी देणार नाही, गाडी जाणार नाही, आणि 'मी तर तयार होतो' असंही म्हणता येतं.

कोल्हापूरचा एक इंजिनीअर आला. बॅटरी, लोहचुंबक आणि स्वतःचा जॅक घेऊन. चुंबक फिरवून रंगाखाली पुटी कुठे भरलीय ते त्याने बघितलं, दार लावून बघितलं, डायरी वाचली, ताडपत्री सोडून नंबर वाचला. सगळं आधीच लिहिलेलं असल्यामुळे घासाघीस करायला त्याच्याकडे फार काही उरलंच नाही. दहा लाख पंचाहत्तर हजारांना सौदा झाला. कॉन्टेसाचं इंजिन तो सध्या तसंच ठेवणार आहे. मूळ इंजिन उघडायचं ठरलं की मामाला कोल्हापूरला बोलावणार आहे. मामाने आत्ताच विचारून ठेवलंय, तांबडा-पांढरा कुठला चांगला.

मामीचं एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याची तारीख मिळाली आहे. उरलेल्या पैशांतून काश्मीरची तिकिटं निघाली आहेत, मात्र दुसरा गुडघा बरा झाल्यानंतरची.

तुमच्याकडे एमजी नसेल. पण एखादी बुलेट असेल, कस्टम गिटार असेल, हजारो रुपये ओतलेला गेमिंग पीसी असेल. विकायला काढाल तेव्हा दोन आकडे वेगवेगळे लिहा. एक बाजारातला, दुसरा मनातला. गिऱ्हाइकाला पहिला सांगा. आणि दुसऱ्याचा हिशोब घरात मिटवा. बहुतेक वेळा तो कुणाचा तरी देणं लागत असतो.